स्पॉन्सर करते कंपनी, पीआर देतो कायदा

परदेशातल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो आणि दुसरा व्हिसाचा. ‘व्हिसा कंपनीच काढतेय, स्पॉन्सर करतायत’ हे कळलं की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. तिसरा प्रश्न मात्र राहूनच जातो: या व्हिसावर काढलेली वर्षं पीआरसाठी, म्हणजे त्या देशात कायमचं राहण्याच्या हक्कासाठी, धरली जाणार का?

नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांची ऑफर लेटरं मी आजवर वाचून दिली आहेत. पगार, रजा, विमा, नोटीस पिरियड, सामान हलवण्याचा खर्च, सगळं त्यात असतं. पीआरचा उल्लेख क्वचितच सापडतो. त्यात कंपनीची लबाडी असतेच असं नाही, कारण पीआर देणं तिच्या हातातच नसतं. कंपनी सरकारपुढे तुमच्या बाजूने उभी राहते, एवढंच. पुढे काय पदरात पडणार, ते त्या देशाच्या कायद्यात त्या विशिष्ट व्हिसाबद्दल काय लिहिलंय त्यावर ठरतं. म्हणून ऑफर लेटरइतकंच बारकाईने व्हिसाचं नाव वाचायला हवं, असं मी प्रत्येकाला सांगते.

आधी स्पॉन्सर करणं म्हणजे काय ते बघू. ऑस्ट्रेलियात ते सगळ्यात स्वच्छ दिसतं, कारण तिथे तीन वेगळे टप्पे आहेत. पहिल्यांदा कंपनी स्पॉन्सर म्हणून मान्यता घेते, म्हणजे धंदा खरा आहे आणि कायद्याने चालतोय हे दाखवते. मग जागेचं नॉमिनेशन होतं: ही जागा खरोखर आहे, ठरलेल्या यादीतल्या व्यवसायात बसते, पगार बाजाराला धरून आहे. शेवटी तुमचा व्हिसा, त्यात शिक्षण, अनुभव, इंग्रजी, आरोग्य, पोलिसांचा दाखला. कंपनी, जागा आणि माणूस. इतर देशांत पायऱ्यांची नावं आणि क्रम बदलतात, पण या तिघांचीच तपासणी कमी-अधिक प्रमाणात होत असते. माणूस सगळ्या अटींत बसत असूनही अर्ज फेटाळला जातो, तेव्हा कधी कधी अडलेलं असतं जागेवर: पाच माणसांच्या कंपनीला पूर्णवेळ मार्केटिंग मॅनेजर कशाला हवा, हे अधिकाऱ्याला पटलेलं नसतं.

आता या नोकरीतून पीआरपर्यंत जायची वाट. ऑस्ट्रेलियात नोकरी करणाऱ्याला आधी सबक्लास ४८२ हा तात्पुरता व्हिसा मिळतो. डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालं. त्यावर मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे दोन वर्षं काम झालं की कंपनी तुम्हाला सबक्लास १८६ साठी, म्हणजे थेट पीआरसाठी नॉमिनेट करू शकते. आधी ही मुदत तीन वर्षांची होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती दोनवर आली. आणि दोन्ही वर्षं एकाच कंपनीत काढायला हवीत ही अटही २०२४ च्या बदलात गेली. एका मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडून दुसऱ्याकडे गेलात तरी आधीचे महिने जमेत धरले जातात. पण शेवटी नॉमिनेट करणारी कंपनी लागतेच. कंपनीने ‘करू’ म्हणणं वेगळं आणि दोन वर्षांनी तिने खरोखर कागद भरणं वेगळं.

इथे वयाचा हिशोब फार जपून करा. १८६ साठी अर्ज करताना वय ४५ च्या आत लागतं. काही सवलती आहेत, पण त्या मोजक्यांनाच लागू होतात. समजा, कुणी ४३ वर्षं चार महिन्यांचं असताना ४८२ वर रुजू झालं. दोन वर्षं पुरी होतील तेव्हा वय ४५ वर्षं चार महिने. नोकरी चांगली, कंपनीही तयार, मुलं शाळेत रुळलेली, आणि अवघ्या चार महिन्यांनी दार बंद. अशा माणसाने निघण्याआधीच १८६ च्या ‘डायरेक्ट एन्ट्री’ची चौकशी करायला हवी. त्यात स्किल्स असेसमेंट, म्हणजे कौशल्याची अधिकृत तपासणी, आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, पण आधी तात्पुरत्या व्हिसावर दोन वर्षं काढावी लागत नाहीत. कंपनीचा एचआर हे आपणहून सांगेल असं धरून चालू नका. त्यांना तुमची जन्मतारीख माहीत असते, तुमचा बेत माहीत नसतो.

जर्मनीत ‘स्पॉन्सर’ हा शब्द आपण सवयीने वापरतो, पण तिथे कंपनीला ऑस्ट्रेलियासारखं लायसन्स घ्यावं लागत नाही. मान्य पदवी, त्या पातळीची नोकरी आणि ठरलेल्या रकमेच्या वरचा पगार असला की ईयू ब्लू कार्ड हा नोकरीचा परवाना मिळतो. ती रक्कम दरवर्षी बदलते, २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि तुटवड्याच्या व्यवसायांसाठी त्याहून कमी. ब्लू कार्डवर २७ महिने काम आणि तेवढ्या महिन्यांचे पेन्शनचे हप्ते भरून झाले की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, जर्मन अगदी प्राथमिक, म्हणजे ए१ पातळीचं असलं तरी. बी१ पर्यंत भाषा शिकलात तर २१ महिन्यांतच. भाषेच्या वर्गामुळे पीआर सहा महिने अलीकडे येतं, हे मला फार आवडतं. कारण ही गोष्ट कंपनीच्या नाही, तुमच्या हातात आहे. आणि हा अर्ज तुम्ही स्वतः करता. त्यासाठी कंपनीकडे नॉमिनेशन मागत बसावं लागत नाही.

अमेरिकेचं चित्र याच्या बरोबर उलट. तिथे पीआर म्हणजे ग्रीन कार्ड, आणि नोकरीच्या वाटेने जाताना बहुतेकांसाठी किल्ली कंपनीकडेच असते. एच-१बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा तीन अधिक तीन अशा सहा वर्षांचा. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतली मास्टर्स किंवा त्यावरची पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० एवढेच नवे, म्हणून निवड सोडतीतून होते. सप्टेंबर २०२५ मधल्या अध्यक्षीय आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार टाकला. त्यामुळे बाहेरून थेट एच-१बीवर बोलावणं ही गोष्ट कंपन्यांसाठी आता फार जड झाली आहे. पण मुद्दा पुढचा आहे. एच-१बीवर कितीही वर्षं राहिलात तरी ग्रीन कार्डाकडे तुम्ही आपोआप एक पाऊलही सरकत नाही. कंपनीने ‘पर्म’ सुरू केलं तरच गाडी हलते. त्यात या जागेसाठी लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही हे जाहिराती देऊन श्रम खात्यापुढे सिद्ध करायचं असतं. मग कंपनी आय-१४० हा तुमच्यासाठीचा ग्रीन कार्डाचा अर्ज भरते, आणि तुमच्या रांगेचा नंबर आला की शेवटचा अर्ज तुमचा.

ती रांग मात्र जन्मदेशावर ठरते. नोकरीतून दिली जाणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत. भारतात जन्मलेल्यांची रांग म्हणूनच कित्येक वर्षं मागे आहे. पासपोर्ट बदलून त्यात फरक पडत नाही. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं, ही सवलत अनेकांना ठाऊकच नसते. दिलासा देणारी आणखी एक गोष्ट: पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती तुमची प्रायॉरिटी डेट. आय-१४० मंजूर झाल्यावर ती तुमचीच राहते. नोकरी बदलली तर नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं, पण रांगेतली जागा जुनीच धरतात. म्हणून अमेरिकेत जाणाऱ्याने पगाराआधी विचारावं की ‘पर्म रुजू झाल्यावर किती महिन्यांनी सुरू करता?’ काही कंपन्या पहिल्या वर्षात करतात, काही दोन वर्षं थांबवतात, काही करतच नाहीत. सहा वर्षांच्या घड्याळात हा फरक केवढा मोठा आहे!

कॅनडात नोकरीचं महत्त्व वेगळ्या जागी आहे. २५ मार्च २०२५ पर्यंत एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करण्याच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरला ५० किंवा २०० गुण मिळायचे. त्या दिवसापासून ते बंद झाले. गुणांच्या आशेने बोगस ऑफर विकण्याचा धंदा फोफावला होता, तो मोडायला हे केलं. आता नुसत्या ऑफरला गुण नाहीत, पण तिथे जाऊन वर्षभर कुशल काम केलंत तर तो अनुभव स्वतः गुण देतो आणि तिथे काम केलेल्यांसाठीच्या कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास या पीआरच्या वाटेचं दार उघडतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी स्वतंत्र अटलांटिक कार्यक्रम आहे. तिथे सरकारने नेमलेल्या कंपनीची ऑफर थेट पीआरच्या अर्जाला जोडता येते. थंडी आणि लहान शहरांना घाबरून लोक ही वाट सोडून देतात, याची मला हळहळ वाटते.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर पाच वर्षांनी कायमचं राहण्याचा अर्ज करता येतो, हा वर्षानुवर्षांचा नियम. मे २०२५ मधल्या श्वेतपत्रिकेत सरकारने ही मुदत साधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे ब्रिटनचा विचार असेल तर सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा नियम वाचल्याशिवाय कुठलंही आश्वासन गृहीत धरू नका. जुलै २०२५ मध्ये तर केअर वर्करसाठी परदेशातून नव्याने भरती करायची वाटच बंद झाली, आणि ज्यांनी कर्ज काढून त्या नोकरीची तयारी चालवली होती त्यांच्यावर आभाळ कोसळलं.

ब्रिटनमधलीच एक फसगत डोळ्यात तेल घालून टाळण्यासारखी आहे. मोठ्या आयटी कंपन्या आपल्याच माणसांना तिकडच्या ऑफिसात पाठवतात, ते पुष्कळदा ग्लोबल बिझनेस मोबिलिटी या व्हिसावर. ऑफिस तेच, टेबल तेच, शेजारी बसणारा सहकारी स्किल्ड वर्करवर. त्याची पाच वर्षं मोजली जातात, याची एकही नाही, कारण हा व्हिसा कायमच्या वास्तव्याकडे जातच नाही. दोघांच्या कामात काडीचा फरक नसतो. फरक असतो तो फक्त व्हिसाच्या नावात. उलट अमेरिकेत कंपनीतूनच बदली होऊन मॅनेजर म्हणून एल-१ए वर गेलेल्याला ग्रीन कार्डाची तुलनेने जवळची वाट मिळू शकते, त्यात पर्म लागत नाही. ‘कंपनीतूनच बदली चांगली की वाईट’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

न्यूझीलंडमध्ये ग्रीन लिस्टवरच्या, म्हणजे तुटवड्याच्या यादीतल्या, काही व्यवसायांना मान्यताप्राप्त कंपनीची ऑफर असेल तर थेट रेसिडेन्स मिळतो, काहींना दोन वर्षं काम करून. आखाती देशांत मात्र कंपनी व्हिसा काढते, घर देते, वर्षानुवर्षं ठेवते, आणि तरी नोकरीची वर्षं मोजून पीआर मिळेल अशी वाट सहसा नाही. नोकरी संपली की त्या नोकरीवरचा रहिवासही संपतो. तिथे जाण्यात काही गैर नाही, पैसा साठवायला लाखो लोक गेले आहेत. पण मुलांच्या दहावीनंतर कुठे, हे जातानाच ठरवलेलं बरं.

आता नोकरी गेली तर? हा प्रश्न अपशकुनी वाटतो म्हणून कुणी काढत नाही, पण कंपनीला बांधलेल्या व्हिसावर तोच सगळ्यात आधी विचारायचा. अमेरिकेत एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ब्रिटनमध्येही सहसा ६० दिवसांची मुदत देऊन व्हिसा आखडता घेतला जातो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ही सवलत ६० वरून एका वेळी १८० दिवसांवर नेली, त्या व्हिसाच्या सगळ्या मुदतीत मिळून ३६५ दिवस, आणि त्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. कॅनडात कंपनीला बांधलेलं परमिट असेल तर त्याची तारीख संपेपर्यंत राहता येतं, पण तेवढ्या परमिटवर दुसऱ्याकडे काम करता येत नाही. हे आकडे कागदावर कोरडे दिसतात. साठ दिवसांत नवी कंपनी शोधायची, तिने कागद करायचे, आणि त्याच वेळी घरभाडं आणि शाळेची फी चालू. पहिल्या वर्षी घराचे हप्ते अंगावर घेऊ नका असं मी कळकळीने सांगते, ते याचसाठी.

नोकरी शोधायची कशी? जाहिराती चाळत शेकडो ठिकाणी सीव्ही टाकणारे थकून जातात, कारण त्यांतल्या कित्येक कंपन्यांना परदेशी माणूस घ्यायची परवानगीच नसते. सरकारी याद्यांपासून सुरुवात करा. ब्रिटनचं गृहखातं लायसन्स असलेल्या स्पॉन्सर कंपन्यांची पूर्ण यादी जाहीर करतं, ती कुणालाही उतरवून घेता येते. अटलांटिक कार्यक्रमात प्रत्येक प्रांत नेमलेल्या कंपन्यांची नावं देतो. अमेरिकेचं श्रम खातं एच-१बी आणि पर्मची आकडेवारी कंपनीच्या नावानिशी प्रसिद्ध करतं. पदाचं नाव आणि पगारही त्यात असतो. म्हणजे ‘आम्ही ग्रीन कार्ड करतो’ म्हणणाऱ्या कंपनीने आजवर किती पर्म भरली, ते घरबसल्या तपासता येतं. जर्मनीचं ‘मेक इट इन जर्मनी’ हे सरकारी पोर्टल आणि कॅनडाची ‘जॉब बँक’ ही दोन्ही ठिकाणं विनामूल्य आहेत. यादीत नाव आहे म्हणजे आत्ता जागा आहे असं नाही, पण निदान दार कुठे आहे ते कळतं.

सीव्ही लिहिताना पदाच्या नावापेक्षा कामाचं वर्णन महत्त्वाचं. प्रत्येक देशाची व्यवसायांची सांकेतिक यादी असते आणि प्रत्येक क्रमांकाखाली त्या माणसाने काय काय करायचं ते लिहिलेलं असतं. ‘असोसिएट’ किंवा ‘लेव्हल दोन’ असली पदनामं बाहेरच्या अधिकाऱ्याला काही सांगत नाहीत. यादीतलं वर्णन उचलून चिकटवूही नका, ते लगेच ओळखू येतं. आपण खरंच करतो ती कामं आपल्या शब्दांत लिहून ती कुठल्या क्रमांकाशी जुळतात ते बघा.

याच ठिकाणी माझी स्वतःची गाडी अडली होती. एका जुन्या कंपनीने दिलेलं एक्स्पिरियन्स लेटर चार ओळींचं होतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होत्या, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली शिक्का. कामाबद्दल एक अक्षर नाही, पूर्णवेळ की अर्धवेळ तेही नाही. एचआरला विचारलं तर ‘आमचा फॉरमॅट हाच’. मग तेव्हाच्या मॅनेजरला शोधून काढलं, त्यांनी प्रतिज्ञापत्रावर माझी कामं लिहून दिली, सोबत पे-स्लिपा, पगार जमा झाल्याची बँकेची पानं आणि नेमणुकीचं पत्र जोडलं. त्यात तीन महिने गेले. म्हणून सांगते, आज ज्या कंपनीत आहात तिथून राजीनामा देण्याआधी कामं, तास, पगार आणि तारखा असलेलं पत्र लेटरहेडवर घ्या. गेल्यावर कुणी विचारत नाही.

पैशांचं एक सूत्र मात्र फार देशांत सारखं आहे: स्पॉन्सर करण्याचा खर्च कंपनीचा. ऑस्ट्रेलियात नॉमिनेशनसोबत कंपनीला प्रशिक्षण निधी भरावा लागतो, तात्पुरत्या व्हिसासाठी वर्षामागे १,२०० किंवा १,८०० डॉलर, आणि तो माणसाकडून वसूल करायला बंदी आहे. अमेरिकेत पर्मचा खर्च कामगारावर टाकता येत नाही. कॅनडात परदेशी माणूस ठेवण्याच्या परवानगीचं १,००० डॉलर शुल्क कंपनीनेच द्यायचं. ऑस्ट्रेलियात तर स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं आणि देणं, दोन्ही बेकायदा. तेव्हा ‘इतके लाख भरा, स्पॉन्सरशिप लेटर आणून देतो’ म्हणणारा एजंट तुम्हाला नोकरी देत नसतो, तुमच्याच हाताने तुमची फाईल बिघडवत असतो. ते उघडकीला आलं तर फक्त पैसे जात नाहीत, व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढची वर्षं दुसऱ्या देशांच्या अर्जांतही ‘पूर्वी कधी नकार मिळाला आहे का’ या रकान्यात त्याचं उत्तर द्यावं लागतं. व्हिसाचं तुमचं स्वतःचं शुल्क, वैद्यकीय तपासणी, भाषेची परीक्षा, नियमाने नोंदणी असलेल्या सल्लागाराची फी, हे खर्च वेगळे आणि रास्त.

ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला एक ई-मेल जरूर पाठवा. तोंडी नको. त्यात एवढंच विचारा: माझा व्हिसा नेमका कुठला, त्याचं पूर्ण नाव काय, याच पदावरच्या लोकांना कंपनीने आधी पीआरसाठी पाठिंबा दिला आहे का, माझ्यासाठी तो कधी सुरू करता येईल, त्यातला कुठला खर्च माझा, आणि मधेच मी किंवा कंपनीने नोकरी थांबवली तर काय परत द्यावं लागेल. चांगली कंपनी या प्रश्नांनी दुखावत नाही. ‘आमचं धोरण बारा महिन्यांनंतर विचार करण्याचं आहे’ असं उत्तर आलं तर ते प्रामाणिक आहे, त्यावर हिशोब करता येतो. ‘त्याची काळजी करू नका’ एवढंच आलं, तर त्याच ई-मेलला उत्तर देऊन पुन्हा विचारा.

आणि रुजू झालेल्या दिवसापासून एक फोल्डर ठेवा. प्रत्येक पे-स्लिप, कराचा प्रत्येक कागद, पत्ता बदलल्याचा पुरावा, आणि देशाबाहेर गेल्या-आल्याच्या तारखा. ब्रिटनमध्ये कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर मोजलेली वर्षं मोडू शकतात. घरच्या आजारपणात दोन-तीन लांब फेऱ्या झाल्या की हा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. पीआर हातात आल्यावरही मोजणी थांबत नाही: कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस देशात असावं लागतं, आणि ऑस्ट्रेलियाच्या पीआरसोबत परत येण्याची मुभा पाच वर्षांची असते, नंतर बाहेर जाऊन पीआरवरच परतायचं असेल तर परतण्याआधी वेगळा रिटर्न व्हिसा काढावा लागतो.